घराचे शब्द आणि घराचे आरोग्य : सातपूरच्या निमित्ताने

१. विषयप्रवेश

घराचे आरोग्य हा विषय वस्तुतः स्थापत्यशास्त्राचा आणि वैद्यकाचा. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, घर बांधले जाते ते विटा व सिमेंट यांनी. परंतु ते मागितले जाते, विकले जाते, नोंदविले जाते आणि मोजले जाते ते शब्दांनी. ज्या गोष्टीला व्यवहारात नाव आहे ती नकाशात येते. जिला नाव उरलेले नाही ती सुटून जाते, आणि सुटल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. प्रस्तुत लेखात ह्या एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून नाशिकजवळचे सातपूर घेतले आहे. तेथे प्रस्तुत लेखकाचे वारंवार जाणे-येणे झाले आणि तेथील कामगार कुटुंबांच्या बोलण्यातील घरविषयक शब्द टिपण्याचा योग आला.

सातपूर हे नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मूळचे खेडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक सातपूरला उभी राहिली. कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ कामगार आले. नाशिक जिल्ह्याच्या तालुक्यांतून, खानदेशातून, मराठवाड्यातून आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातूनही आले. गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, खाजगी रो-हाउसच्या रांगा, झोपडवस्त्या आणि अलीकडे उंच इमारती अशी घरांची वेगवेगळी रूपे तेथे एकमेकांना लागून उभी आहेत. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात समाविष्ट झाले. एका पिढीने खेड्यातील घर सोडले, दुसरी वसाहतीतील दोन खोल्यांत वाढली आणि तिसरी सदनिका घेण्याच्या खटपटीत आहे. घराची कल्पना कशी बदलली हे पाहावयास याहून सोयीचे ठिकाण विरळा.

२. जुन्या घरातील शब्द आणि त्यांची कामे

मराठी घरातील शब्दांची मांडणी पाहिली असता एक गोष्ट प्रथम नजरेत भरते. हे शब्द एका रांगेत बसतात आणि ही रांग बाहेरून आत जाते. अंगण, ओटा किंवा ओटी, पडवी किंवा ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसू हा तो क्रम होय. प्रदेशपरत्वे नावे बदलतात. देशावर सोपा म्हणतात, कोकणात ओटी व पडवी, आणि खानदेशातून आलेली माणसे ओट्यास वट्टा म्हणतात. परंतु क्रम बहुधा तोच राहतो. 'माजघर' म्हणजे मधले घर. संस्कृत 'मध्य', प्राकृत 'मज्झ' आणि मराठी 'माज' असा त्याचा प्रवास आहे. नाव ठेवणाऱ्याने खोलीचा उपयोग सांगितलेला नाही. बाहेरून मोजता ती कोठे येते, हे सांगितले आहे.

ह्या क्रमाला आरोग्याच्या दृष्टीने अर्थ होता. रस्त्याची धूळ, वर्दळ आणि परक्याची नजर ही टप्प्याटप्प्याने गाळली जात. ओसरीच्या छपरामुळे भिंतीवर ऊन थेट पडत नसे व पाऊस दारात येत नसे. दार दिवसभर उघडे ठेवता येई, कारण उघड्या दारातून दिसे ती ओसरी, घराचे अंतरंग नव्हे. चौसोपी वाड्यातील चौक हा तर हवेचा मार्गच होय. चौकातली तापलेली हवा वर जाई आणि सोप्यांतून गार हवा तिच्या जागी येई. माळवदाच्या घरास छतात भोक ठेवीत, त्याला साणे म्हणत. त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई.

खिडकीचे शब्दही असेच बोलके आहेत. संस्कृतात 'वातायन' म्हणजे वाऱ्याचा मार्ग आणि 'गवाक्ष' म्हणजे बैलाचा डोळा. एक शब्द वारा सांगतो, दुसरा नजर. इंग्रजीतील 'विंडो' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला असून त्याचाही मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा असा आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच वस्तूची तीच दोन कामे हेरावीत, हे लक्षणीय आहे. आपला रूढ शब्द 'खिडकी' हा मात्र प्राकृतातील लहान दारासाठी असलेल्या शब्दापासून आला आहे. त्यात वाराही नाही आणि डोळाही नाही. त्यामुळेच की काय, काच बसविली की खिडकी झाली, असे आपल्याला वाटू लागले असावे.

आणखी एका शब्दाचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा व्हावयाचा नाही. विवाहित स्त्रीच्या विसाव्याला मराठीत जो शब्द आहे तो 'माहेर'. अभ्यासक त्याची व्युत्पत्ती 'मातृगृह' ह्या शब्दापासून लावतात. म्हणजे मनाच्या स्वास्थ्याची जी सर्वांत उत्कट कल्पना ह्या भाषेत आहे, तिच्या पोटात 'गृह' हा शब्द झिजून बसलेला आहे. तथापि ह्यातच एक कटु सत्यही दडले आहे. विसाव्याचे घर हे राहत्या घराहून निराळे असावे लागले. रोजच्या घरात तो विसावा तिला नव्हता.

३. जुन्या घराचा गौरव किती करावा

म्हणून येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. जुने घर सर्वांना आरोग्यदायक होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्वयंपाकघर बहुधा सर्वांत अंधारे असे, आणि चुलीचा धूर त्यात तासन्‌तास कोंडून राही. बाळंतिणीची खोली म्हणजे हवा जाऊ नये म्हणून बंद केलेली खोली. शेगडीचा धूर आणि कोंडलेली हवा यांत नवजात मूल व माता ह्यांना ठेवले जाई. बाहेरून आत जाणारा क्रम हा केवळ धुळीला गाळीत नव्हता, माणसांनाही गाळीत होता. कोणी अंगणातच थांबावयाचे, कोणी ओसरीपर्यंत यावयाचे आणि कोणी माजघर ओलांडावयाचे, हे जातीने व नात्याने ठरलेले असे. कित्येकांना तर गावाच्या अंगणातही स्थान नव्हते. सातपूरला आलेल्या अनेक कुटुंबांच्या दृष्टीने वसाहतीतील दोन खोल्या ही केवळ सोय नव्हती. जेथे कोणी उंबऱ्यावर अडवीत नाही असे ते पहिले घर होते. जुन्या वाड्याच्या आठवणीने हळहळणाऱ्याने हे विसरता कामा नये.

तेव्हा जुने घर परत आणावे, असे येथे सुचवावयाचे नाही. जुन्या शब्दांत जी कामे नोंदलेली आहेत त्यांतील कोणती नव्या घरात हरवली आणि कोणती हरवली ते बरेच झाले, एवढेच पाहावयाचे आहे.

४. शरीराच्या गरजा : हवा, उजेड, ऊन, आवाज

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात घराच्या आरोग्याची पाच अंगे सांगितली आहेत. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड ही ती पाच होत. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी ही यादी जुनी झालेली नाही. आपल्याकडे ह्या प्रश्नाला तोंड फुटले ते प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनी १९१२ च्या सुमारास उजेडाचा एक सोपा नियम पुढे मांडला. खोलीच्या बाहेर भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढावी आणि समोरच्या इमारतीने ती अडवू नये. व्यवहारात ह्याचा अर्थ एवढाच की, समोरची इमारत जितकी उंच असेल त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. सातपूरच्या एखाद्या गल्लीत उभे राहून ही कसोटी कोणालाही लावता येईल. एकमजली घरे आखताना ठेवलेली गल्ली दोन्ही बाजूंना मजले चढल्यावर ह्या कसोटीस उतरत नाही. मग तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो.

हवेचे गणितही असेच सोपे आहे. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली व तिची अलीकडची आवृत्ती २०१६ ची आहे. तिच्यानुसार राहण्याची खोली एकच असेल तर तिचे क्षेत्रफळ निदान ९.५ चौरस मीटर आणि उंची २.७५ मीटर असावी. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक दशांश, तर दमट उष्ण हवामानात एक षष्ठांश असावे. आता ९.५ चौरस मीटरच्या खोलीला १.२ मीटर लांब व तितकीच उंच खिडकी आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर होते. एक दशांशाच्या हिशेबाने ०.९५ पुरते, म्हणजे खिडकी भरपूर झाली. परंतु आज सर्वत्र बसवितात ती सरकती खिडकी. तिची एक काच सरकली की दुसरीच्या मागे जाऊन बसते. त्यामुळे कितीही उघडली तरी निम्मी खिडकी बंदच राहते. कागदावर १.४४ आणि प्रत्यक्षात ०.७२! त्यावर डासांची जाळी बसली की तेवढाही वारा मंदावतो. कडीकोयंड्याची, बाहेर उघडणारी जुनी झडप ही ओबडधोबड खरी, पण ती पुरती उघडत असे.

शिवाय एकट्या खिडकीने वारा वाहत नाही. हवेला येण्याची एक वाट हवी आणि समोरच्या बाजूने जाण्याची दुसरी हवी. पावसाळ्यात नाशिकला वारा मुख्यतः पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत खिडकी एकाच बाजूस असते आणि जाण्याची वाट म्हणजे काय ते दार. दार उघडावे तर सारे घर रस्त्यावर येते, आणि लावावे तर हवा कोंडते. ओसरी गेल्याचा हा परिणाम होय. लोकांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. मुख्य दारापुढे जाळीचे दुसरे दार बसवितात व त्याला 'सेफ्टी डोअर' म्हणतात. नाव चोरापासून संरक्षण सांगते. पण उन्हाळ्याच्या संध्याकाळी आतले दार उघडे आणि जाळी लावलेली अशी घरे पाहिली म्हणजे तिचे खरे काम कळते. तीन इंच जाडीची ती ओसरीच आहे. वारा आत येतो आणि नजर बाहेर राहते.

उन्हाविषयी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नाशिक सुमारे वीस उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे बराच खाली, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो, तर मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर पुरेसा छज्जा असेल तर हिवाळ्याचे ऊन आत येते व उन्हाळ्याचे बाहेर राहते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येत असल्याने कोणताही छज्जा ते अडवू शकत नाही. तेथे झाड, पडदा किंवा ओसरी हेच उपाय. दुसरी गोष्ट स्लॅबची. काँक्रीटचा स्लॅब दुपारी तापतो, पण ती उष्णता खालच्या बाजूस पोहोचावयास काही तास लागतात. परिणामी माणसे संध्याकाळी घरी परततात, रात्री पाठ टेकतात, नेमके तेव्हाच छत उष्णता सोडू लागते. पत्र्याचे छप्पर दुपारीच भाजते, पण रात्री लवकर निवते. ह्या स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो, कारण पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवितो.

राहता राहिला आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. नियम योग्यच आहे, पण तो रात्री झोपणाऱ्या माणसाला गृहीत धरून केलेला आहे. सातपूरचा जो कामगार रात्रपाळी करून सकाळी घरी येतो, त्याची रात्र सकाळी आठ वाजता सुरू होते. त्या वेळी शेजारी कुकरच्या शिट्या होत असतात, गल्लीत भाजीवाला ओरडत असतो आणि मुले शाळेसाठी तयार होत असतात. मानवी शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. डोळ्यांवर सकाळचा प्रकाश पडला की ते जागे राहण्याची सूचना देते. त्यामुळे दिवसा झोपणाऱ्याला अंधार आणि शांतता ह्या दोहोंची गरज इतरांहून अधिक असते. दोन खोल्यांच्या घरात तो झोपला म्हणजे सारे घर कुजबुजू लागते. मुलांना हळू बोलण्याची, भांडे न वाजविण्याची शिस्त लावली जाते. एकाच्या झोपेसाठी इतरांचा दिवस आवळला जातो. पुन्हा दोघांपैकी कोणाचेही पुरते समाधान होत नाही. कामगारांसाठी बांधलेल्या वसाहतीत दिवसा झोपण्यासाठी एक आतली, अंधारी करता येणारी, रस्त्यापासून दूरची खोली असावी, ही मागणी अगदी साधी आहे. ती नकाशात का आली नाही? तिला नाव नव्हते, हे निदान एक कारण असावे. जुन्या घरातील माजघर हे काम करू शकले असते. पण नव्या नकाशात मधले घर नाही.

५. मनाच्या गरजा : एकांत आणि शेजार

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य ह्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दाटीवाटी, घरातील थंडी व उष्णता, अपघातांपासून सुरक्षितता आणि अपंगांना वावरता येण्याची सोय ह्या बाबींना प्रमुख स्थान दिले आहे. दाटीचा संबंध क्षयासारख्या संसर्गांशी आहे, तसाच मनावरील ताणाशीही आहे. एकांत मिळत नाही तेथे माणूस चिडचिडा होतो. परंतु केवळ एकांत मिळाला म्हणजेही मन स्वस्थ होते असे नाही. घराला दोन्ही हवे. दार लावून बसता यावे आणि दाराबाहेर बसून कोणाशी बोलताही यावे.

बाहेरचे दर्शनही औषधासारखे काम करते, ह्याचा पुरावा आहे. अमेरिकेत रॉजर उल्‌रिख ह्यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक छोटा पण पुढे प्रसिद्धी पावलेला अभ्यास मांडला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती व निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, तर भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णांची संख्या अल्प होती, हे मान्य करूनही तात्पर्य विचार करावयास लावणारे आहे. गवाक्ष ह्या शब्दातील डोळा हा निव्वळ अलंकार नव्हे.

येथे एका शब्दाच्या अर्थांतराकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तो शब्द 'ओटा'. पूर्वी ओटा घराच्या पुढे असे. संध्याकाळी तेथे माणसे टेकत, येणारा-जाणारा दोन शब्द बोले, म्हातारी माणसे तेथूनच गावावर नजर ठेवीत. आज सातपूरमधील कोणत्याही घरात 'ओटा' विचारा, तर स्वयंपाकघरातील दगडी फळी दाखवितात, जिच्यापुढे उभे राहून स्वयंपाक करावयाचा. शब्द घराच्या पुढून उठला आणि मागे जाऊन बसला. बसण्याची जागा होती ती उभे राहण्याची झाली. पुरुषांच्या विसाव्याचे स्थान स्त्रीच्या कामाचे झाले. ह्यात लाभही आहे. चुलीपुढे वाकून धुरात बसणाऱ्या स्त्रीची पाठ सरळ झाली, गॅस आला, धूर गेला. हा लाभ लहान नव्हे. पण पहिल्या ओट्याची जागा भरून निघाली नाही. आणि नव्या ओट्याची उंचीही बहुधा ठरावीक असते. पुढे उभी राहणारी बाई उंच की ठेंगणी, हे कोणी विचारीत नाही. सरळ उभे राहिले असता तळहात कोपराच्या काहीसा खाली सहज टेकावा, अशा बेताने ओटा बांधला तर खांदे व कंबर दोन्ही वाचतात. बांधकाम चालू असताना घरातील स्त्रीला पाच मिनिटे उभे करून हे माप घेता येते. त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही.

वसाहतीतील आणि रो-हाउसमधील घरांच्या पुढे आरंभी चार पावलांचे अंगण होते. कुटुंब वाढले तशी त्या जागेवर पुढे एक खोली उठली. कोठे दुकान निघाले, कोठे भाडेकरू आला. ज्याला थोरल्या मुलाचे लग्न करावयाचे आहे त्याने दुसरे काय करावे? त्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मात्र परिणाम असा झाला की, घर आणि रस्ता ह्यांच्यामध्ये काहीच उरले नाही. 'घरची कळा अंगण सांगते' अशी आपली म्हण आहे. आता कळा सांगावयास अंगणच नाही. वृद्ध माणसे खाटेवर आत पडून असतात, कारण बाहेर बसावयाचे तर वाहनाच्या मार्गात बसावे लागते. म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात चार माणसे दिसावीत, ही गरज औषधाइतकीच खरी आहे. आणि ती भागविण्यासाठी बांधावे काय लागते, तर दीड हात रुंदीचा एक ओटा.

६. नाव आणि नकाशा

सपीर व व्होर्फ ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सिद्धान्त भाषाशास्त्रात आहे. भाषा विचाराला वळण लावते, असे त्याचे स्थूलमानाने प्रतिपादन आहे. त्याचा टोकाचा अर्थ, म्हणजे शब्द नाही तर कल्पनाच नाही, हा आज बहुतेक अभ्यासक स्वीकारीत नाहीत. आम्हीही तो स्वीकारीत नाही. ओसरी हा शब्द विसरलेल्या माणसाला उकाडा होत नाही असे नव्हे. त्याला उकाडा होतो. परंतु काय मागावे हे सांगता येत नाही. येथील दावा एवढाच मर्यादित आहे. व्यवहार जेव्हा कागदावर होतो तेव्हा कागदावरील शब्दच मोजले जातात.

आजचा कागद काय मोजतो ते पाहा. 'टू बीएचके' म्हणजे निजावयाच्या दोन खोल्या, एक हॉल व एक किचन. जुनी रांग बाहेरून आत जात होती. ही रांग केवळ संख्या सांगते. त्यात वारा कोठून येतो, ऊन कोणत्या भिंतीवर पडते, दाराबाहेर काय आहे, ह्यांपैकी काहीच नाही. दुसरा शब्द 'चटई क्षेत्र'. हा मराठी परिभाषेतील एक मनोरंजक शब्द होय. सदनिकेच्या आतील वापराच्या जागेलाही आपण चटई क्षेत्र म्हणतो, आणि भूखंडावर एकूण किती बांधावे हे ठरविणाऱ्या प्रमाणालाही चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतो. एका शब्दाने दोन निराळी मापे सांगितल्यामुळे सामान्य ग्राहकाचा गोंधळ उडतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पहिल्या अर्थाची व्याख्या नेमकी केली. तीनुसार आतील भिंती मोजल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची चटई क्षेत्रात धरली जात नाहीत. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून ही व्याख्या केली आहे व ती इष्टच आहे. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम संभवतो. चटई पसरता येते तेवढीच जागा खरी, असे मन मानू लागते. ओसरीची वंशज असलेली बाल्कनी ही जणू फुकटची पुरवणी ठरते, आणि मग काचा लावून तिला खोलीत ओढून घेण्याचा मोह होतो. बाल्कनी आत घेतली की पश्चिमेचे ऊन थेट भिंतीवर येते, खिडकी काचेआड जाते आणि मिळालेली चटईभर जागा उन्हाळ्याचे तीन महिने बसण्याजोगी राहत नाही.

७. व्यवहारात काय करावे

ह्या विवेचनातून घर घेणाऱ्या, बांधणाऱ्या किंवा आहे ते दुरुस्त करणाऱ्या सामान्य कुटुंबाला काही प्रश्न सुचविता येतील. ते पैशाचे नाहीत, विचारण्याचे आहेत. ह्या खोलीत वारा कोठून येतो आणि कोठून जातो? खिडकी पुरती उघडते की निम्मी? समोरची इमारत किती उंच व किती दूर आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेवर उद्या बांधकाम होऊ शकते काय? पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे? तेथे झोपावयाची खोली असेल तर रात्रीची झोप गेली असे समजावे. न्हाणीघर किंवा मोरी असेल तर फारसे बिघडत नाही, उलट ओल सुकते. पावसाळ्यात कपडे कोठे वाळणार? घरात वाळणार असतील तर भिंतीला ओल व बुरशी आणि दम्याच्या रोग्याला त्रास ठरलेला. रात्रपाळीहून आलेला माणूस कोठे झोपेल? मूल अभ्यासाला कोठे बसेल? म्हातारी आई कोठे बसली असता तिला रस्ता दिसेल, आणि न्हाणीघरापर्यंत जाताना तिला किती पायऱ्या व किती उंबरे ओलांडावे लागतील?

राहत्या घरातही पुष्कळ करता येते. स्वयंपाकघरात वरच्या बाजूस झरोका किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा बसविणे, दाराला जाळीचे दुसरे दार लावणे, गच्चीला पांढरा चुना देणे, पश्चिमेच्या बाजूस एखादे झाड किंवा वेल लावणे, आतल्या एका खोलीला जाड पडदा करणे ह्या गोष्टी कामगाराच्या आवाक्यातील आहेत. गल्लीत राहणाऱ्यांनी एकत्र येऊन एका टोकाला झाडाखाली पार बांधला तर हरवलेला ओटा सर्वांच्या मालकीचा होऊन परत येईल. आणि ह्या वेळी त्यावर बसावयास जातीची किंवा स्त्री-पुरुषाची अट राहणार नाही.

ज्या संस्था नव्या वसाहती आखतात आणि जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाचा विचार करतात, त्यांच्याविषयी एकच सूचना करावीशी वाटते. नकाशा तयार होण्यापूर्वी तेथे राहणाऱ्यांना केवळ किती खोल्या हव्यात, हे विचारू नये. दिवसाच्या कोणत्या वेळी कोण कोठे असतो, हे विचारावे. त्या उत्तरांत जे शब्द वारंवार येतील त्यांना नकाशात जागा द्यावी. तो वट्टा असेल, पायरी असेल, किंवा 'जरा दाराशी बसायला' एवढेच असेल. परिभाषा कोशांत ह्या शब्दांना स्थान नसेल. ते कोशांचे न्यून समजावे, शब्दांचे नव्हे.

८. समारोप

सारांश, घराचे आरोग्य हे भिंतींच्या आत जितके असते तितकेच आतल्या व बाहेरच्या मधल्या पट्टीत असते. जुन्या मराठीने ह्या पट्टीला अनेक नावे दिली होती. ती नावे देणाऱ्या समाजाने त्या पट्टीचा उपयोग माणसांना अडविण्यासाठीही केला, आणि म्हणून ती मोडली ह्याचे सर्वांनाच दुःख होण्याचे कारण नाही. परंतु पट्टी मोडताना तिच्याबरोबर वारा, सावली, विसावा आणि शेजारही गेला. ह्या चार गोष्टी परत मागण्याचा हक्क सातपूरच्या कामगाराला आहे. तो आज 'टू बीएचके' मागतो, कारण बाजाराने त्याच्या तोंडी तेवढाच शब्द ठेवला आहे. त्याने त्या शब्दाला आणखी चार शब्द जोडावेत, आणि नकाशा काढणाऱ्याने ते लिहून घ्यावेत, एवढीच ह्या लेखाची अपेक्षा आहे.